पाडव्याच्या आदल्या दिवशीचं तेल

आमच्या घरी मोटारीचं तेल पंचांग बघून बदलत. हसू नका, खरंच सांगते. दसऱ्याला पातळ तेल, पाडव्याला जाड तेल. मोटार घेतली त्याच वर्षी बाबांनी हा नियम करून टाकला आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. आजोबा जोशीपण करत. बाबा अमरावतीच्या कोर्टात वकील झाले, अंगात काळा कोट आला, पण आजोबांचं पंचांग काही सुटलं नाही.

तशी ती पद्धत अगदीच वेड्यासारखी होती असं नाही. थंडीत जाड तेल थिजतं, मग मोटार सुरू करायला हँडल मारून मारून माझ्या दादाचा खांदा निखळायची पाळी यायची. उन्हाळ्यात उलटं. पातळ तेल तापून पार पाणी होतं, फिरत्या भागांमध्ये त्याचा थर टिकत नाही आणि लोखंडावर लोखंड घासतं. डब्यावर आकडे असत. तीस म्हणजे पातळ, पन्नास म्हणजे जाड. एरवी दसऱ्यापर्यंत ऊन उतरलेलं असतं आणि पाडव्याच्या सुमारास चढू लागतं, म्हणून नियम वर्षानुवर्षं निभावून गेला. घोळ केला तो अधिक महिन्यानं. त्या वर्षी मध्येच अधिक आला आणि पुढचा पाडवा सरकत सरकत पार एप्रिलच्या मध्यावर जाऊन बसला. आता वऱ्हाडातलं ऊन काय पंचांग विचारून येतं? होळीच्या आधीच दुपारी रस्ते ओस पडायला लागले होते, आणि मोटारीच्या पोटात अजून दसऱ्याचं तीस नंबरचं तेल होतं, सहा महिने जुनं, पेट्रोल मुरून आणखी पातळ झालेलं.

मला हे सगळं ठाऊक होतं, कारण मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घरात मी एकटीनंच वाचलं होतं. बाबांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. त्यांचे कोर्टाचे कागद, वर्तमानपत्र, रोज सकाळचं पंचांग, सगळं मी वाचून दाखवायची. सतराव्या वर्षी कपाळ पुसून सासरहून परत आले तेव्हापासून हेच माझं काम. आई आधीच गेली होती. फाल्गुनात एकदा मी ते पुस्तक बाबांपुढं उघडलं आणि पान वाचून दाखवलं. हवा किती तापली आहे ते पाहून तेल ठरवावं, महिन्याचं नाव पाहून नव्हे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"बाबा, आत्ताच पन्नास घालायला पाहिजे. डबा आणून ठेवलाय, मग थांबायचं काहून?"

"पाडव्याला घालू," बाबा म्हणाले. "तू मोटारीत बसायचं काम कर."

अस्सा राग आला! पुस्तक मिटलं आणि उठून गेले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणी मनावर घेत नसे.

पाडवा मंगळवारी होता. आणि त्याच्या आधीच्या शनिवारी माझं पत्र आलं.

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची एक जागा होती. मॅट्रिक घरी बसून केलं होतं, मग भांडून ट्रेनिंग केलं, मग बाबांना न सांगता अर्ज टाकला. पत्रात लिहिलं होतं की तुमची निवड झाली आहे, सोमवारी दुपारी बाराच्या आत पालकांसह जातीनं हजर व्हावं; बारा वाजता कमिटी बसेल आणि आपण नसाल तर जागा यादीतल्या दुसऱ्या बाईंना दिली जाईल. शाळेच्या आवारातच राहायची खोली. मी ते पत्र चार वेळा वाचलं. पंचवीस वर्षांची होते. ही जागा गेली तर दुसरी कधी निघेल, निघाली तरी मला मिळेल का, काही भरवसा नव्हता. मग आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचत बसायचं.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "जाऊ."

मी म्हटलं, उद्या रविवारीच जाऊ. तर रविवारी चतुर्दशी, रिक्ता तिथी, प्रयाण नको. बरं, सोमवारी सकाळची गाडी धरू. बडनेऱ्याहून साडेआठला सुटायची, दहा-साडेदहाला अकोला, भरपूर वेळ. सोमवारी पहाटे उठून ट्रंक बांधून मी ओसरीवर बसले. बाबांची पूजा चालली होती ती चाललीच होती. पूजा संपवून म्हणाले, "पंचांग वाच."

वाचलं. सोमवार, अमावास्या संध्याकाळपर्यंत, काळवेळ साडेसात ते नऊ.

"नऊनंतर निघू," बाबा म्हणाले.

"बाबा! गाडी साडेआठची आहे!"

"मोटारीनं जाऊ. अडीच तासांचा रस्ता. आधीच अमावास्या, त्यात काळावर कुठं उंबरा ओलांडतेस?"

मी दादाकडं पाहिलं. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी लाडानं मला ताईच म्हणणारा, स्वभावानं गरीब गाय. तो अंगणात मोटारीपाशी उभा होता. तेल मोजायची सळई त्यानं बाहेर काढली, तर्जनी-अंगठ्यात तेल चोळलं आणि माझ्यासमोर बोटं उघडली. बोटांमध्ये तारच येत नव्हती.

"बाबा, तेल तेवढं बदलून घेतो. अर्ध्या तासाचं काम," दादा म्हणाला. "अजून काळच चालू आहे, तोवर होईल."

"काळावर आणि अमावास्येला यंत्र उघडायचं? उद्या पाडवा आहे. एक दिवस थांबता येत नाही?" बाबांनी आवाज चढवला, की दादा संपला. पन्नास नंबरचा डबा त्यांच्या खोलीत, पाडव्याच्या पूजेच्या सामानात ठेवलेला. खोलीला कुलूप आणि किल्ली जानव्याला. मी नुसती धुमसत बसले.

नऊला निघालो. पुढं दादा आणि मी, मागं बाबा. बडनेऱ्यापर्यंत काही त्रास झाला नाही. समोरच्या फळीवर तेलाच्या दाबाचा एक काटा होता. तो चाळिसाच्या आसपास असला की सगळं ठीक. मी रस्ता बघतच नव्हते, काट्यावर नजर लावून बसले होते. बडनेरा सोडलं आणि तो पस्तिसावर आला. मग तिसावर. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली काळी शेतं, सावली म्हणून नाही, दहा वाजले नाहीत तर वारा तोंडावर भट्टीसारखा. कापडी टपाला हात लावला तर चटका बसत होता.

"दादा, वीस झाले."

"दिसून राहिलं मला."

"हळू चालव."

"हळू चालवलं तर बारा वाजतील, ताई. जोरात चालवलं तर ही मरते. तूच सांग काय करू?"

काय सांगणार? मैलाचे दगड मोजत होते, मनात हिशेब करत होते, इतके मैल, इतकी मिनिटं. मूर्तिजापूर दोनेक मैलांवर आलं आणि इंजिनातून आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग ठक् ठक् ठक्. काटा दहाच्या खाली. दादानं मोटार कडुलिंबाखाली घेतली आणि बंद केली.

"आणखी चालवली तर आतली बेअरिंगं वितळतील," तो म्हणाला. "थंड होऊ द्यावी लागेल. तासभर तरी."

घड्याळात सव्वादहा. तासभर थांबून याच तेलावर पुन्हा निघायचं म्हणजे पुन्हा दहा मैलांवर हेच. म्हणजे संपलं.

मी मागं वळले आणि माझा तोल सुटला. "झालं समाधान? अमावास्या! पौषातल्या अमावास्येला चांदूर रेल्वेच्या खटल्याला हीच मोटार घेऊन गेलात, तेव्हा कुठं गेली होती अमावास्या? कोर्टाच्या तारखेला तुम्ही कधी काळवेळ पाहिली? जज्ज काय पंचांग विचारतो तुम्हाला? पंचांग फक्त माझ्यासाठी आहे का हो?"

बाबा समोर पाहत बसून राहिले.

मी खाली उतरले. ट्रंक उचलण्याजोगी नव्हती. कागदांची पिशवी तेवढी खांद्याला लावली, पदर डोक्यावर घेतला आणि अकोल्याच्या दिशेनं चालू लागले. अकोला पंचवीस-तीस मैल. चालून पोचणार नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तिथं बसवेना. दादा हाका मारत होता, "ताई, वेडी झालीस का? अगं ए ताई!" मातीचा फुफाटा वहाणांतून तळव्यांना पोळत होता. एखादी सर्व्हिस मोटार, एखादी बैलांची दमणी, काहीतरी मिळेल म्हणत मी चालत राहिले.

दोन-तीन फर्लांग गेले असेन. मागून ठक् ठक् करत मोटार आली. दादा अगदी सांभाळून आणत होता.

"बस," बाबा म्हणाले. "मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनात फिटर आहे, त्याची केस चालवली होती मी. त्याच्याकडं तेल असेल."

बसले. गाव येईपर्यंत मी काट्यावरून नजर काढली नाही. गावाच्या तोंडाशीच जिन होता. रुईचा हंगाम सरत आला होता आणि आज अमावास्या, म्हणून सगळं बंद. फिटर फाटकाजवळच्या खोलीसमोर बाजेवर आडवा झालेला. पन्नाशीचा, हातांवर भाजल्याचे डाग. बाबांना पाहून उठला, रामराम केला. दादानं सगळं सांगितलं.

"तेल हाये जी, गंज हाये, पिंपं भरून हाये," तो म्हणाला. "पन आज अमुशा. अमुशेले आमी यंत्राले हात लावत नाई. मागच्या साली एकानं लावला, त्याचं बोट गेलं. उद्या पाडवा, उद्या या ना सकाळी."

उद्या! मला हसावं की रडावं कळेना. साडेदहा वाजून गेले होते. आता बाबा यालाच दुजोरा देणार, अशी माझी खात्री होती.

बाबा म्हणाले, "अमावास्या संपली."

फिटरनं त्यांच्याकडं पाहिलं. "संपली?"

"दहा वाजून वीस मिनिटांनी संपली. प्रतिपदा लागली. मी जोश्याचा पोरगा आहे, मला सांगतोस तिथी? उघड यंत्र."

मी बाबांकडं बघतच राहिले. सकाळी मीच वाचलं होतं. संध्याकाळपर्यंत अमावास्या होती. बाबा अशिलासाठी कोर्टात काय बोलत असतील ते असोत, पण तिथीच्या बाबतीत त्यांच्या तोंडून खोटं आलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडं पाहत नव्हते. मी पुढं होऊन मोटारीचं बॉनेट उघडलं.

"मंग काय, झालंच," फिटर म्हणाला आणि पाना घेऊन मोटारीखाली शिरला. तेल धो धो खाली आलं. परातीत बोट बुडवून त्यानं चेहरा वाकडा केला. "अरे बापा! हे तेल हाये का पानी? याच्यावर चालवत होते तुमी?"

आता प्रश्न घालायचं कोणतं. आत तीन पिंपं होती आणि एकावरही आकडा नाही. एक यंत्रांचे पट्टे फिरवणाऱ्या दांड्याला सोडायचं, एक ऑइल इंजिनाचं, एक बॉयलरच्या वाफेच्या इंजिनाचं, काळं, गुळाच्या पाकासारखं. दादानं घाबरून त्याच काळ्याकडं बोट दाखवलं. "हे सगळ्यांत जाड आहे. हेच घाला. पातळानंच घात केला ना?"

"नको!" मी ओरडले. "पुस्तकात लिहिलंय, फार जाड तेल अरुंद नळ्यांतून पुढं सरकतच नाही. पंप नुसता फिरत राहतो आणि बेअरिंग कोरडंच राहतं."

फिटरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई बराबर सांगून राह्यली," तो म्हणाला. "बैलगाडीच्या आसाले वंगन चोपडाचं, ते वायलं काम. याले जाडबी पायजे अन् धावलंबी पायजे."

त्यानं उन्हात पडलेला एक पत्रा उचलला. हात लावता येत नव्हता इतका तापलेला. भिंतीला तिरपा टेकवला आणि काडीनं चार थेंब वरच्या कडेला ठेवले: तीन पिंपांतले तीन, चौथा आमच्या मोटारीतला. आमचा थेंब सर्रकन खाली घरंगळला, मागं ओलसुद्धा राहिली नाही. दांड्याच्या तेलाचंही तेच, जरा उशिरा. काळा थेंब जागचा हलेना. ऑइल इंजिनाचा थेंब मात्र सावकाश, न तुटता, मागं जाड पट्टा ठेवत खाली आला. फिटर त्यात बोट फिरवून म्हणाला, "हे. हेच तुमचं पन्नास."

"खात्री आहे?" मी विचारलं.

"माझं इंजन याच्यावर वैशाखात बी चालते, बाई."

तेल भरलं. दादानं हँडल मारलं. मोटार सुरू झाली, पण काटा शून्यावरच. ते अर्धं मिनिट मी विसरणार नाही. मी दाराची कड घट्ट धरून उभी होते. मग काटा थरथरला, दहा, वीस, तीस. तिसावर थांबला. आवाज पूर्ण गेला नाही, पण निम्मा झाला.

"चला जी, बसा बसा," फिटर म्हणाला. "मोटार तिसाच्या वर नका पळवू, पोचान."

अकरा वाजायला चार मिनिटं होती. बोरगावच्या अलीकडं गुरांचा कळप आडवा आला आणि दादानं ब्रेक दाबला, तेव्हा मी गुराख्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. काटा पंचविसावर उतरला आणि तिथंच राहिला. अकोल्याच्या गिरण्यांच्या पहिल्या चिमण्या दिसल्या तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते, मग गर्दी, टांगे, भाजीवाल्या, मोर्णा नदीचा पूल. शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा बाराला नऊ मिनिटं कमी होती.

मोठ्या बाईंनी माझे कागद पाहिले आणि एक छापील कागद बाबांपुढं सरकवला. पालकांची सही हवी. बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडं दिला. "वाच."

वाचला. "माझ्या कन्येनं अकोला येथे राहून नोकरी करण्यास माझी संमती आहे."

त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि हात कागदावर तसाच धरून ठेवला. मोठ्या बाई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील अमावास्या. एवढं सगळं करून इथं अडणार. मग त्यांनी सही केली, पुरं नाव, नेहमीच्या वळणदार अक्षरात.

"कमिटी बसली की बोलावते," असं म्हणून मोठ्या बाई आत गेल्या. आम्ही दोघं व्हरांड्यात उभे राहिलो.

"बेटा," बाबा म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"ते तेल अकोल्यापर्यंत टिकायचं नाही. तेल निकामी झालंय, हे तू पुस्तक वाचलंस त्याच दिवशी कळलं होतं. मूर्तिजापूरच्या आसपास मोटार बंद पडेल, बारा वाजून जातील, तू रडशील, दोन दिवस जेवणार नाहीस, मग राहशील घरी, असं धरून चाललो होतो मी."

मला क्षणभर ऐकूच येईनासं झालं. मग राग उसळला. "तुमचे कागद वाचायला कोणी नाही म्हणून?"

"कागद कोणीही वाचील. पैसे टाकले की कारकून मिळतो." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "संध्याकाळी कोर्टातून घरी यावंसं वाटतं, ते तू असतेस म्हणून."

"मग फिटरकडं नेलंत काहून?"

"तू उन्हात चालायला लागलीस. मला वाटलं, थोडं जाऊन वळेल. तू वळलीच नाहीस."

आतून मला बोलावलं. मी त्यांच्या पाया पडले नाही, "येते" म्हणाले नाही, तशीच आत गेले. कमिटीनं चार प्रश्न विचारले, माझी उत्तरं काय होती ते आजही आठवत नाही. वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा जागा माझी झाली होती आणि व्हरांड्यात एकटा दादा उभा होता, माझी ट्रंक पायाशी घेऊन.

"बाबा कुठं आहेत?"

"टांगा करून स्टेशनवर गेले," दादा म्हणाला. "म्हणाले, तिचं सामान नीट लावून दे. तिला इथं सोडून तिच्यासमोरून मला निघवणार नाही."

मग मात्र मी तिथंच, पायऱ्यांवर, सगळ्या शाळेदेखत रडले.